जुनं फाइल शेअरिंग, एसएमबी वन आणि आपल्या नागपूरची ऑफिसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात छोट्या ऑफिसांचे, दुकानांचे, दवाखान्यांचे पीसी आणि सर्व्हर एएमसीवर, म्हणजे वर्षाच्या देखभाल करारावर, सांभाळतो. सीताबर्डी, इतवारी, कळमना, रामदासपेठ, हिंगणा एमआयडीसी, अधूनमधून बुटीबोरी. फाइल शेअरिंगचं जुनं एसएमबी वन बंद करा असं मी सगळ्यांना सांगत असतो, त्यावरून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येऊन राहिले म्हणून एकदाचे लिहून काढले. पहिल्यांदा वाचत असाल तर ५ नंबरचा आधी वाचा, बाकी नंतर वाचले तरी चालतील.

१. एसएमबी म्हणजे काय भाऊ? मी तर असलं काही वापरत नाही.

वापरता. दुसऱ्या पीसीवरचं शेअर केलेलं फोल्डर उघडता, माय कॉम्प्युटरमध्ये झेड ड्राइव्ह दिसतो, नेटवर्कवरच्या प्रिंटरला प्रिंट देता, झेरॉक्स मशीनवर कागद ठेवून स्कॅन थेट पीसीच्या फोल्डरात पाठवता, हे सगळं बहुतेक वेळा एसएमबीवरच चालतं. दोन मशीन एकमेकांशी फाइलींबद्दल ज्या भाषेत बोलतात ती भाषा म्हणजे एसएमबी. आयबीएममध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बॅरी फायगेनबॉम यांनी ती बनवली, मग मायक्रोसॉफ्टने उचलली आणि वाढवली. १९९६ च्या सुमारास तिला सीआयएफएस असंही नाव दिलं. म्हणून विंडोजच्या यादीत आजही "एसएमबी १.०/सीआयएफएस" असं जोडनाव दिसतं आणि लोकांना वाटतं दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. एसएमबीच्या वन, टू, थ्री या व्हर्जनपैकी माझ्याकडे कोणतं आहे?

विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ ला फक्त वन येतं, दुसरं काही कळतच नाही. टू आलं व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ सोबत, २.१ आलं विंडोज ७ सोबत, ३.० विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ सोबत, ३.१.१ विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ सोबत. दोन मशीन भेटल्या की दोघींना येणारी सगळ्यात नवी भाषा ठरते. म्हणजे तुमचा विंडोज ११ चा पीसी विंडोज ७ शी २.१ मध्ये बोलतो, त्यासाठी वन लागत नाही. "आमच्याकडे एक विंडोज ७ आहे म्हणून वन चालू ठेवलं" हे मी महिन्यातून दोनदा तरी ऐकतो आणि प्रत्येक वेळी ते चूक असतं.

३. पंधरा वर्षांपासून तसंच चालू आहे, काही झालं नाही. मग आता काऊन बंद करायचं?

कारण २०१७. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला एमएस१७-०१० नावाचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढला, तो एसएमबी वनच्या सर्व्हर बाजूच्या भोकासाठी होता. महिन्याभराने, १४ एप्रिलला, शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने त्याच भोकातून घुसणारं इटर्नलब्लू हे हत्यार इंटरनेटवर फुकट टाकून दिलं. १२ मे ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस सुटला. कोणी लिंकवर क्लिक करायची गरज नाही, कोणी फाइल उघडायची गरज नाही, एक मशीन लागली की ती नेटवर्कवरच्या दुसरीला स्वतःच जाऊन लावायची. गोष्ट इतकी हाताबाहेर गेली की तीन वर्षांआधी सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला पॅच काढावा लागला. २७ जूनला नॉटपेट्या हा तसाच दुसरा व्हायरस आला आणि त्यात न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनलसुद्धा अडकलं.

नॉटपेट्याची एक गोष्ट लोक विसरतात. तो इटर्नलब्लू वापरायचाच, पण लागलेल्या मशीनमधून पासवर्ड चोरून पॅच मारलेल्या मशीनमध्येही शिरायचा. म्हणून "आमचे पॅच झाले आहेत" एवढ्यावर थांबू नका.

आणि समजा ते भोक नसतं तरी वन म्हातारंच आहे. त्यात एन्क्रिप्शन नाही, मधे बसून कोणी बोलणं बदललं तर पकडायची सोय कच्ची, आणि बडबड फार. वनमध्ये शंभरावर कमांड आणि उपकमांड आहेत, टूमध्ये १९. साध्या कामालाही वन उगाच जास्त वेळा जा-ये करतं. वन सोडून टू-थ्रीवर आल्यावर कॉपीचा स्पीड वाढला असं लोक सांगतात ते काही मनाचे खेळ नाहीत.

४. आमच्या त्या पीसीला इंटरनेटच नाही. अँटीव्हायरसपण आहे. तरी बंद करायचं?

त्या पीसीला नाही, पण त्याच स्विचला लावलेल्या अकाउंटंटच्या पीसीला आहे ना? एक लागला की बाकीचे आतूनच लागतात, बाहेरून यायची गरजच नाही. अँटीव्हायरस असू द्या, पण एक्सपीवरचा अँटीव्हायरस किती सालापासून अपडेट नाही ते एकदा त्याच्या खिडकीत बघा. खरंच एकटी, कशालाच न जोडलेली मशीन असेल तर निवांत राहा, तिथे शेअरिंगचा प्रश्नच येत नाही.

५. आमच्या ऑफिसात वन कोण वापरून राहिलं हे कळणार कसं? बंद केल्यावर बोंब झाली तर?

सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आणि सगळ्यात कमी लोक विचारतात. मी स्वतः एकदा न बघता बंद केलं होतं. एका सीएच्या ऑफिसात, तेही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. रिटर्नची गर्दी, आर्टिकलशिपची पोरं स्कॅनवर स्कॅन मारून राहिली होती आणि झेरॉक्स मशीन मुकी झाली. अर्ध्या तासात परत चालू केलं, पण त्या अर्ध्या तासात मला जे ऐकायला मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चूक माझीच होती.

आता मी असं करतो. ज्या मशीनवर फोल्डर शेअर आहेत, मग तो सर्व्हर असो की कोपऱ्यातला "मेन पीसी", तिथे पॉवरशेल (विंडोजला कमांड द्यायची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडतो आणि सेट-एसएमबीसर्व्हरकॉन्फिगरेशन या कमांडमध्ये ऑडिटएसएमबीवनॲक्सेस हे ट्रू करतो. यामुळे काही बंद होत नाही, फक्त नोंद सुरू होते. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एसएमबीसर्व्हर, ऑडिट इथे जायचं. जो कोणी वनमध्ये बोलायला येईल त्याची ३००० नंबरची नोंद पडते आणि सोबत त्याचा नेटवर्कवरचा आयपी पत्ता. तो पत्ता घेऊन ऑफिसात फिरायचं, मशीन सापडते.

किती दिवस ठेवायचं? पूर्ण एक महिना, आठ दिवसांत घाई करू नका. जीएसटीच्या ११ आणि २० तारखेलाच चालू होणारे पीसी असतात, पगाराच्या दिवशीच वापरला जाणारा प्रिंटर असतो, मालकांचा जुना लॅपटॉप असतो जो ते महिन्यातून एकदा आणतात. ते सगळे एकदा तरी जाळ्यात यायला पाहिजेत.

उलट बाजूने बघायचं असेल, म्हणजे माझा पीसी कोणाशी कोणत्या भाषेत बोलून राहिला, तर आधी ते फोल्डर उघडा आणि मग गेट-एसएमबीकनेक्शन चालवा. डायलेक्ट नावाच्या रकान्यात १.५ किंवा त्याहून कमी दिसलं तर ते वन, ३.१.१ दिसलं तर मजेत राहा. विंडोज ७ वर ही कमांड नाही, तिथे दुसऱ्या टोकाकडून बघायचं.

६. बरं, बंद कसं करायचं?

विंडोज १० आणि ११ वर कंट्रोल पॅनेल, प्रोग्राम्स, टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ. यादीत एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट शोधा आणि टिक काढा. रीस्टार्ट मागतो, द्या. विंडोज सर्व्हरवर सर्व्हर मॅनेजरमधून रिमूव्ह रोल्स अँड फीचर्समध्ये तेच नाव. विंडोज ७ च्या यादीत हे फीचर नसतं, तिथे रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत) लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये एसएमबी१ नावाची डीवर्ड व्हॅल्यू शून्य करायची आणि रीस्टार्ट. पण विंडोज ७ चा सपोर्टच १४ जानेवारी २०२० ला संपला, त्यामुळे तिथे वन बंद करणं म्हणजे गळक्या छताखाली एक बादली सरकवणं.

फीचरच्या त्या ओळीपुढचा प्लस दाबला तर आत तीन टिक दिसतात: क्लायंट, सर्व्हर आणि ऑटोमॅटिक रिमूव्हल. हे नीट समजून घ्या, पुढे बऱ्याच उत्तरांत लागतं. तुमचा पीसी जाऊन दुसऱ्या जुन्या मशीनचं फोल्डर उघडतो तेव्हा क्लायंट लागतो. दुसरी मशीन तुमच्या पीसीवर येऊन फाइल टाकते तेव्हा सर्व्हर लागतो. इटर्नलब्लूचा मार सर्व्हर बाजूवर होता. म्हणून नाइलाजाने काही दिवस चालू ठेवायचंच असेल तर फक्त जी बाजू लागते तीच टिक करा. लोक तिन्ही टिक मारून मोकळे होतात.

७. बंद केल्यावर नेटवर्कमध्ये बाकीचे पीसी दिसूनच नाही राहिले! शेअरिंग गेलं का?

नाही गेलं. फक्त यादी गेली. नेटवर्क उघडल्यावर जी पीसींची यादी यायची ती जुन्या कॉम्प्युटर ब्राउझर सर्व्हिसमुळे, आणि ती वनवर टेकलेली होती. ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पीसीचं नाव टाइप करा, फोल्डर उघडेल.

यादी परत पाहिजे असेल तर प्रत्येक पीसीवर सर्व्हिसेसमध्ये जाऊन फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट आणि फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन या दोन्ही सुरू करा आणि ऑटोमॅटिक डिलेड स्टार्टवर ठेवा. नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट पाहिजे, पब्लिक असेल तर दिसत नाही. माझा सल्ला विचाराल तर यादीच्या नादी लागू नका, झेड ड्राइव्ह मॅप करून द्या आणि विषय संपवा.

८. झेरॉक्स मशीनचं स्कॅन टू फोल्डर होऊन नाही राहिलं. इंजिनिअर म्हणतो वन चालू करा.

मला येणाऱ्या फोनांतले निम्मे तरी हेच असतात. इंजिनिअर तसं म्हणतो कारण पाच मिनिटांत त्याचं काम होतं आणि तो पुढच्या कॉलला निघतो. त्याच्यावर राग नाही, दिवसाला त्याचे दहा कॉल असतात. पण तुम्ही त्याआधी एवढं तपासा.

आधी पासवर्ड. मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये जे यूजरनेम पासवर्ड टाकले आहेत ते अजून खरे आहेत का? कोणीतरी पीसीला पिन लावला असेल तर तो पिन नेटवर्कवरून चालत नाही, खरा पासवर्डच लागतो. पीसीच्या अकाउंटला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. मी प्रत्येक ठिकाणी स्कॅन नावाचं वेगळं लोकल अकाउंट बनवतो, त्याला मोठा पासवर्ड देतो आणि फक्त त्या एका फोल्डरात लिहायची परवानगी देतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात आणि वनचा त्यात काही संबंध नसतो.

मग फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर. बऱ्याच मशीन टू किंवा थ्री बोलू शकतात पण फर्मवेअर जुनं असतं, किंवा मशीनच्या वेब पेजवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये एसएमबीचं व्हर्जन वनवर अडकवलेलं असतं. ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी टाकून बघा. फर्मवेअर टाकायला इंजिनिअर लागतो, एएमसी असेल तर हक्काने मागा.

खरंच म्हातारी मशीन असेल, सेकंडहँड घेतलेली, जिला वनशिवाय काही येत नाही, तर स्कॅन टू ईमेल करा (जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू स्टेप लावून ॲप पासवर्ड काढावा लागतो) किंवा एखाद्या पीसीवर एफटीपी (फाइल पाठवायची दुसरी जुनी पद्धत) सर्व्हर टाकून स्कॅन टू एफटीपी. एफटीपी काही सुरक्षित नाही, पासवर्ड उघडा जातो, ते १७ मध्ये बघा. पण ऑफिसच्या आतच ठेवलं, अकाउंट वेगळं ठेवलं, तर अख्ख्या सर्व्हरवर वन उघडण्यापेक्षा मला ते परवडतं.

९. टॅलीचा डेटा शेअर फोल्डरात आहे. वन बंद केलं तर टॅली बंद पडेल का?

नाही. टॅलीला फोल्डर दिसलं की झालं, भाषा कोणती याच्याशी त्याला घेणं नाही. डेटा जिथे ठेवला तो पीसीच एक्सपीचा असेल तर मात्र अडेल, आणि मग तुमचा प्रश्न टॅलीचा नसून तो पीसी अजून जिवंत कसा हा आहे.

१०. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर जुनं, फॉक्सप्रोचं आहे. नव्या पीसींवर नेटवर्कवरून फाइल करप्ट होते. बनवणारा म्हणाला वन चालू करा मग बरोबर चालेल.

हा अडतीच्या दुकानांतून, कळमना आणि इतवारीकडून येणारा प्रश्न आहे. आणि इथे, कबूल करतो, तो बनवणारा हवेत बोलत नाही.

फॉक्सप्रोचा डेटा ज्यात असतो त्या डीबीएफ फाइलवर एकाच वेळी तीन-चार पीसी लिहितात तेव्हा प्रत्येक पीसीला फाइलची ताजी अवस्था दिसली पाहिजे. एसएमबी मात्र स्पीडसाठी फाइलचा तुकडा पीसीवरच धरून ठेवतं, त्याला ऑपलॉक म्हणतात, २.१ पासून त्याच्या जोडीला लीज आल्या. वनमध्ये ऑपलॉक रजिस्ट्रीतून बंद करता यायचे. टू आणि थ्रीला ते जुनं सेटिंग लागू होत नाही. म्हणून लोक वनवर परत गेले आणि इंडेक्स फाइल बिघडायची थांबली.

मग काय करायचं? आधी प्रत्येक क्लायंट पीसीवर लॅनमॅनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये डिरेक्टरीकॅशलाइफटाइम, फाइलइन्फोकॅशलाइफटाइम आणि फाइलनॉटफाउंडकॅशलाइफटाइम या तिन्ही व्हॅल्यू शून्य करा. थोडं हळू होईल, पण अर्ध्या तक्रारी जातात. सर्व्हर नवा असेल तर शेअरच्या सेटिंगमध्ये लीजिंग मोड नन करता येतो, सेट-एसएमबीशेअर कमांडने, फक्त त्या एका शेअरपुरता. हा उपाय मला सगळ्यात आवडतो कारण बाकी फोल्डरांच्या स्पीडला हात लागत नाही.

त्याहून पक्कं पाहिजे असेल तर डीबीएफ नेटवर्कवर फिरूच देऊ नका. एका सर्व्हरवर सॉफ्टवेअर ठेवा आणि सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपने तिथेच बसून बिल काढा. साध्या विंडोज प्रोवर एका वेळी एकच जण बसतो, चार जण बसवायचे तर विंडोज सर्व्हर आणि त्याची लायसन्स घ्यावी लागतात, तो खर्च आधीच मोजा. वायफायवर डीबीएफ चालवणाऱ्यांनी मात्र मला फोन करू नका राजेहो, आधी केबल टाका.

सॉफ्टवेअर फॉक्सप्रोच्या डॉस जमान्यातलं असेल तर ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्राम चालतच नाहीत आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. तिथे एसएमबीच्या आधी दुसरीच भिंत आहे.

११. कंपनीत सीएनसी मशीनला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनला) एक्सपी आहे, बदलता येत नाही. तिला प्रोग्राम पाठवायचे तर वन लागतंच ना?

लागतं. हिंगण्याला, बुटीबोरीला अशा मशीन भरपूर आहेत, आणि दवाखान्यांत सोनोग्राफी, एक्स-रेच्या जुन्या कन्सोलचंही हेच. मशीन लाखोंची, कंट्रोलर ठणठणीत, बनवणारा म्हणतो विंडोजला हात लावला तर आमची जबाबदारी नाही. तिला शिव्या देऊन उपयोग नाही. पण तिच्या एकटीसाठी ऑफिसच्या सर्व्हरवर वन चालू करणं म्हणजे एका पाहुण्याला चावी नाही म्हणून घराचं दार काढून ठेवणं.

मी मधे एक दुभाषी बसवतो. जुना पडलेला पीसी, त्यात दोन लॅन कार्ड, वर लिनक्स. एक कार्ड फक्त सीएनसीला, दुसरं ऑफिसच्या नेटवर्कला. दोघांमध्ये रस्ता नाही, आयपी फॉरवर्डिंग बंद. लिनक्स हा सीएनसीवरचं फोल्डर क्लायंट म्हणून माउंट करतो, माउंट करताना व्हर्जन १.० असं स्पष्ट सांगावं लागतं कारण लिनक्स कर्नलने २०१७ मध्येच, ४.१३ पासून, वनची सवय सोडली. मग तेच फोल्डर सांबामधून (लिनक्सवर एसएमबी बोलणारं सॉफ्टवेअर) ऑफिसला थ्रीमध्ये परत शेअर करायचं. डिझाइनवाला आपल्या विंडोज ११ वरून फाइल टाकतो, ती सीएनसीवर दिसते, आणि वन फक्त दीड मीटरच्या एका केबलमध्ये राहतं.

दिशा लक्षात ठेवा: शेअर एक्सपीवर ठेवायचा आणि लिनक्सने जाऊन घ्यायचं. उलटं केलं, म्हणजे एक्सपी येऊन लिनक्सवर लिहितो, तर सांबाला सर्व्हर म्हणून वन उघडावं लागतं आणि ते सेटिंग शेअरपुरतं नसतं, अख्ख्या सांबाला लागतं.

एवढं जमत नसेल तर निदान स्विचवर वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं नेटवर्क) करा आणि फायरवॉलमध्ये ४४५ आणि १३९ हे पोर्ट फक्त एका ठरावीक पीसीच्या आयपीलाच उघडे ठेवा. पेनड्राइव्ह हा उपाय आहेच, पण शॉप फ्लोअरवरच्या पेनड्राइव्हमध्ये गाण्यांपासून व्हायरसपर्यंत काय काय असतं ते मी बघितलं आहे.

१२. एक्सपीवरून एनएएसचं (नेटवर्कला लावलेल्या हार्ड डिस्कच्या डब्याचं) फोल्डर उघडतो. पासवर्ड बरोबर आहे तरी परत परत विचारून राहिला.

भाषा जुळली, पण ओळखपत्र जुनं निघालं. एक्सपी आपणहून जुनं एलएम आणि एनटीएलएम उत्तर पाठवतो, नवे एनएएस आणि सांबा फक्त एनटीएलएमव्हीटू घेतात. एक्सपी प्रोफेशनलवर लोकल सिक्युरिटी पॉलिसी, सिक्युरिटी ऑप्शन्स, लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशन लेव्हल इथे सेंड एनटीएलएमव्हीटू रिस्पॉन्स ओन्ली निवडा. एनएएसवर जुनं एनटीएलएम उघडू नका, तो उलटा इलाज आहे. आणि एक्सपीच्या घड्याळाकडे बघा, बॅटरी मेलेली असते आणि तारीख २००२ दाखवते, त्यानेही हे अडतं.

१३. नवा विंडोज ११ चा पीसी घेतला, जुनं एनएएस उघडत नाही. यूट्यूबवर बघून वन चालू केलं तरी नाही. काय करू?

आधी ते वन परत बंद करा. एरर पूर्ण वाचा, एररमध्येच उत्तर असतं आणि कोणी वाचत नाही.

एररमध्ये "ऑब्सोलीट एसएमबी१" असे शब्द असतील तर खरंच वनचा प्रश्न आहे, १४ बघा. "अनऑथेंटिकेटेड गेस्ट ॲक्सेस" ब्लॉक केलं असं असेल तर प्रश्न गेस्टचा आहे: तुमचं एनएएस बिनपासवर्डचं उघडं ठेवलं आहे आणि नवं विंडोज तसं कोणाच्या घरात शिरत नाही. एनएएसवर यूजर आणि पासवर्ड बनवा, संपलं. "क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर" असं काही असेल तर साइनिंगचा प्रश्न. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो आणि एंटरप्रायझमध्ये प्रत्येक एसएमबी बोलण्यावर सही लागतेच. एनएएसच्या सेटिंगमध्ये साइनिंग चालू करा. पीसीवर ते बंद करायचा रस्ता आहे, पण मग एका डब्यासाठी पीसीची सगळीकडची सुरक्षा कमी होते.

नुसता ०एक्स८००७००३५ आला तर ते फक्त "रस्ता सापडला नाही" एवढंच सांगतो. केबल, आयपी, नावाचं स्पेलिंग, फायरवॉल या क्रमाने बघा.

१४. एनएएस किंवा लिनक्स सर्व्हरवर वन बंद कुठून करायचं?

बहुतेक एनएएसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल सर्व्हिसेस, एसएमबी, ॲडव्हान्स्ड इथे मिनिमम आणि मॅक्सिमम प्रोटोकॉल असे दोन डबे असतात. मिनिमम एसएमबी २, मॅक्सिमम एसएमबी ३. बऱ्याच जणांचं एनएएस थ्री बोलू शकतं, फक्त कोणीतरी कधीतरी मॅक्सिमम वनवर ठेवलेलं असतं. सांबामध्ये सर्व्हर मिन प्रोटोकॉल ही ओळ बघा. सांबाने २०१९ मध्ये ४.११ पासून वन आपणहून बंद ठेवलं आहे, त्यामुळे नव्या सांबात वन चालू दिसलं तर कोणीतरी मुद्दाम लिहिलं आहे. कोणी आणि कशासाठी ते विचारा, मग पुसा.

१५. मी तर चालू केलं होतं, आपोआप बंद कसं झालं? आणि दुसऱ्या पीसीवर आपोआप बंद होत का नाही?

विंडोज १० च्या १७०९ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०१७ पासून, विंडोज होम आणि प्रोवर वन १५ दिवस वापरलं गेलं नाही तर ते स्वतः काढून टाकतं. पीसी बंद असलेला काळ या १५ दिवसांत धरत नाहीत, म्हणून आठवड्यातून एकदा चालू होणाऱ्या पीसीवर ते महिनोन्महिने टिकतं. आणि हे काढणं एकदाच होतं. तुम्ही हाताने परत चालू केलं तर विंडोज समजतं की मालकाला पाहिजे आहे, परत हात लावत नाही. म्हणून "राहू दे, आपोआप जाईल" असं म्हणून केलेली टिक वर्षानुवर्षं तशीच सापडते. ५ मधली नोंद अशा वेळी कामी येते.

१६. सुरक्षेसाठी टूपण बंद करून फक्त थ्री ठेवू का?

नको. विंडोजमध्ये टू आणि थ्री एकाच स्टॅकवर आहेत, टू बंद केलं की थ्रीसुद्धा जातं आणि मग तुमचं शेअरिंग खरोखर बंद. टूला वनसारखं घाबरायचं कारण नाही.

१७. एफटीपी, मॅकची फाइल शेअरिंगची स्वतःची भाषा एएफपी, हेपण जुने ना? तेही काढायचे का?

एएफपी काढा, वाट बघू नका. मॅकने बिग सरपासून, २०२० मध्ये, एएफपीने फोल्डर शेअर करायची सोयच काढून टाकली. छापखान्यांत आणि डिझाइनवाल्यांकडे जुन्या एनएएसवर ते अजून चालू असतं, मॅक एसएमबी थ्री छान बोलतो, त्यावर आणा. एफटीपीमध्ये पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघडे जातात. ऑफिसच्या आत, स्कॅनपुरतं, वेगळ्या अकाउंटवर असेल तर मी सोडून देतो, बाहेर इंटरनेटवर असेल तर आजच एसएफटीपीवर जा, त्यात सगळं एन्क्रिप्ट होऊन जातं.

१८. घरून काम करायचं म्हणून राउटरवर ४४५ पोर्ट फॉरवर्ड केला आहे. आता थ्री आहे, मग चालतं ना?

नाही. वन असो की थ्री, ४४५ इंटरनेटला उघडा ठेवायचा नाही. व्हीपीएन लावा आणि त्याच्या आतून फोल्डर उघडा. हा प्रश्न वाचून तुम्ही थांबला असाल तर आधी राउटरमध्ये जा, बाकीचं वाचन नंतर.

१९. आमचा डोमेन कंट्रोलर (सगळ्या पीसींचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) अजून सर्व्हर २००३ आहे. पीसींवर वन बंद केलं तर लॉगिन होईल का?

लॉगिन कदाचित होईल, पण ग्रुप पॉलिसी आणि लॉगऑन स्क्रिप्ट येणार नाहीत, कारण त्या सिसव्हॉल नावाच्या शेअरमधून येतात आणि २००३ ला ते वनमध्येच वाटता येतं. म्हणजे सकाळी झेड ड्राइव्ह गायब, प्रिंटर गायब, आणि सगळे तुमच्या टेबलापाशी. इथे क्रम उलटा धरायचा: आधी नवा डोमेन कंट्रोलर उभा करा, सगळे रोल तिकडे हलवा, जुन्याला रीतसर डिमोट करा, मग वन बंद. सर्व्हर २००३ वरून थेट आजच्या व्हर्जनवर उडी मारता येत नाही, मधे किमान एक पायरी घ्यावी लागते, मी २०१२ आर२ ची घेतो.

हे काम मे महिन्यात काढू नका. एका गोदामाच्या मागच्या खोलीत कूलरच्या भरवशावर ठेवलेला २००३ चा सर्व्हर आम्ही भर उन्हाळ्यात रीस्टार्ट केला आणि तो परत उठलाच नाही, हार्ड डिस्क गेली. बॅकअप आदल्या रात्री घेतला होता म्हणून निभावलं. आता मी अशा जुन्या सर्व्हरला हात लावायच्या आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघतो, आणि तारीख दिवाळीनंतरची देतो.